‘गुंगी’ लिहू की ‘झापड’?

गोदाकाठ: नांदेडच्या एका दवाखान्यासाठी गोळ्यांची माहितीपत्रकं मराठीत करतेय. चिंता आणि झोपेसाठी देतात त्या डायझेपामच्या पत्रकात लिहिलं, ‘या गोळीने गुंगी येते, गाडी चालवू नका.’ तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘शामक परिणाम संभवतो’ केलं. का, तर गुंगीचं औषध म्हणजे रेल्वेत चहातून पाजून लुबाडतात ते! आमची आजी मात्र गोळीच्या दुसऱ्या दिवशी ‘गुंगी आल्यावानी व्हायलंय’ म्हणायची.

मोंढ्यातला: शामक म्हटलं की इकडे पित्ताची गोळी आठवते. ‘झापड’ लिहा. घोड्याच्या डोळ्यांना बांधतात तीच पापणीवर येते.

काना-मात्रा: घोड्याचं ‘ते झापड’, झोपेची ‘ती झापड’. लिंग वेगळं, शब्द वेगळा.

औषधवाला: ताई, झापड जेवणानंतरची, घटकाभराची. डायझेपाम अंगात निम्मं व्हायलाच 20 ते 50 तास लागतात आणि यकृतात त्याचं जे रूप बनतं ते आणखी रेंगाळतं. झोल्पिडेम ही झोपेची दुसरी गोळी, ती मात्र दोन-तीन तासांत निम्मी होते. म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी तोल जाऊन पडतात ती या रेंगाळणाऱ्या गुंगीने. आजी बरोबर होत्या.

काना-मात्रा: फारसीत ‘गुंग’ म्हणजे मुका. आपली ‘तंद्रा’ असताना ती उसनवारी कशाला?

मोंढ्यातला: तंद्री भजनात लागते, सर. निजाम 1948 ला गेला, शब्द तरी राहू द्या!

लातूरकरीण: ‘चिंताशामक’चंही बघा. सासूबाईंना डॉक्टरांनी ‘चिंता वाटते का?’ विचारलं की ‘नाही’. ‘जीवाला घोर लागतो का?’ म्हटलं की तासभर सांगायच्या. नातू म्हणायचा, घोर जायची गोळी घेतली की आजी घोरते.

औषधवाला: नातू हुशार! गोळी तीच, थोडी दिली की घोर कमी, जास्त दिली की झोप. मेंदूत पेशींना शांत करणारं गाबा नावाचं द्रव्य असतं, त्याचा जोर ती वाढवते. म्हणून चिंताशामक, शामक, निद्राकारक हे तीन शब्द एकाच गोळीला लागतात.

पैठणगेट: संभाजीनगरात नशेसाठी खाणारी पोरं हिला ‘बटन’ म्हणतात. पेपरातही तेच छापतात.

औषधवाला: म्हणूनच 2014 पासून या गोळ्या एच-वन यादीत, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठी बघायची, वहीत डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. पण बटन दाबल्यासारखी ती बंद करता येत नाही. रोजची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

काना-मात्रा: झटके नव्हे, आकडी.

औषधवाला: आमच्या काउंटरवर ‘फिट’.

गोदाकाठ: अहो, माझ्या गुंगीचं काय? उद्या छपाईला द्यायचंय.

मोंढ्यातला: ते ‘बटन’ की ‘बटण’ हो?

काना-मात्रा: बटण. शर्टाचं असो की नशेचं.

पैठणगेट: ‘बटण’ कुणी म्हणत नाही इकडे.