एकच कॉन्सर्ट, तीन वेगळे आवाज: मेटल शोमध्ये उभं कुठे राहायचं?

रिफवेडा

गेल्या काही महिन्यांतल्या रॉक आणि मेटल शोंबद्दल लोक जे लिहितायत ते सलग वाचलं की गोंधळ उडतो. एकाच रात्रीबद्दल एक जण म्हणतो की गिटार सुरीसारखी कापत होती, पण गायकाचा शब्द कळला नाही. दुसरा म्हणतो गाणं स्वच्छ होतं, गिटारची नुसती घरघर. तिसऱ्याला छातीत बसणारा किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सोडून काहीच आठवत नाही. तिघेही मुरलेले श्रोते, त्यामुळे कुणाला खोटं म्हणायचं हा प्रश्नच नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं: उभं राहायच्या मैदानात किंवा हॉलमध्ये नेमकी जागा कशी निवडायची? अल्बमवर मोजता येणारा डबल बास (दोन्ही पायांनी भराभर वाजवलेला किक) लाइव्हमध्ये लगदा का होतो? पहिली दोन-तीन गाणी हमखास वाईट का वाजतात? इअरप्लग घातले की गिटार मरते ही तक्रार खरी आहे का? आणि मोबाइलच्या व्हिडिओवरून साउंडचा निवाडा करावा का?

कन्सोलजवळचा

तिघेही बरोबर आहेत, कारण तिघांनी तीन वेगळे मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचं आणि गाण्याचं मिश्रण, ऐकलेत. कॉन्सर्टबद्दल लिहिताना आधी कुठे उभे होतात ते लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं वाचून उपयोग नाही.

स्टेजसमोरच्या रेलिंगपासून सुरू करू. तिथे मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून बोलत असतात. लाइन अरेचे (एकाखाली एक जोडलेल्या स्पीकरच्या माळेचे) खोके स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात. सगळ्यात खालचा खोका वाकवलेला असला तरी पहिल्या काही रांगा बहुतेकदा त्याच्या टप्प्यात येत नाहीत. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि स, श, ट, क यांचा धारदार भाग साधारण २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतो. हा पट्टा टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, खर्ज मात्र सगळीकडे पसरतो. म्हणून पुढे आवाज जाड लागतो आणि शब्द हरवतात. ही उणीव भरायला स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात, त्यांना फ्रंट फिल म्हणतात. रेलिंगवर जागा धरायचीच असेल तर त्यातल्या एकाच्या समोर धरा.

रेलिंगवरची गिटार हा वेगळाच विषय आहे. गिटारचं बारा इंची चार स्पीकरांचं कॅबिनेट वरचे सूर अगदी अरुंद झोतात फेकतं. डावीकडच्या गिटारिस्टच्या बरोबर समोर उभे राहिलात तर त्याचीच गिटार ऐकू येईल, तीही टोचेल अशी, आणि उजवीकडच्याची साथ जवळजवळ नाहीच. दोन गिटारांची हार्मनी हाच ज्या बँडचा जीव आहे त्यांच्यासाठी ही सगळ्यात वाईट जागा. उलट आज कितीतरी बँड केम्पर, ॲक्स-एफएक्स किंवा क्वाड कॉर्टेक्ससारख्या मॉडेलरमधून (ॲम्प आणि कॅबिनेटची नक्कल करणारं यंत्र) थेट कन्सोलमध्ये, म्हणजे साउंड इंजिनिअरच्या मिक्सिंगच्या टेबलात, जातात आणि कानात इन-इअर मॉनिटर घालतात. मग स्टेजवरून गिटार येतच नाही, रेलिंगवर उघडे ड्रम आणि फ्रंट फिल एवढंच राहतं. शो सुरू व्हायच्या आधी कॅबिनेटपुढे माइक आहे का ते बघा. भिंतीसारखी कॅबिनेटं रचलेली असली आणि एकापुढेही माइक नसला तर ती बहुधा देखाव्यापुरती असतात.

आता खर्ज. सबवूफर (खर्जाचे स्पीकर, थोडक्यात सब) स्टेजच्या डावी-उजवीकडे दोन ढिगांत असतील तर मैदानाच्या मधोमध दोन्हींचा आवाज एकाच वेळी पोचून बेरीज होते, सुमारे ६ डेसिबलची. तिथून बाजूला सरकलं की एका ढिगाचा आवाज उशिरा येतो आणि अमुक सुरावर दोघे एकमेकांना खातात. समजा ढीग १६ मीटर अंतरावर आहेत आणि तुम्ही स्टेजपासून २५ मीटर मागे आहात. ६० हर्ट्झची लहर सुमारे ५.७ मीटर लांब. मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर बाजूला गेलात की दोन अंतरांत बरोबर अर्ध्या लहरीचा फरक पडतो आणि किकचा दणका गळून पडतो. म्हणजे सहा-सात पावलं! दणका आठवणारा तिसरा श्रोता मधोमध होता एवढं मी पैजेवर सांगेन. सब स्टेजपुढे एका ओळीत मांडलेले असतील तर हा त्रास बराच कमी असतो, हेही आधीच बघून घेता येतं.

साउंड इंजिनिअर मिक्स करतो ते त्याच्या स्वतःच्या कानांनी, त्याच्या जागेवरून. त्यामुळे कन्सोलच्या थोडं पुढे, त्याच रेषेत उभं राहणं ही सगळ्यात सुरक्षित निवड. मागे डिले टॉवर (मैदानात मागच्यांसाठी उभारलेले जास्तीचे स्पीकर) असतील तर त्यांच्या आसपास सांभाळा. स्टेजपासून ६० मीटरवर आवाज पोचायला सुमारे १७५ मिलिसेकंद लागतात, आणि टॉवर तेवढाच उशीर करून बोलतो. पण टॉवरच्या बगलेत किंवा किंचित पुढे असलात तर दोन्ही आवाज जुळत नाहीत आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोनदा वाजल्यासारखा येतो. दहा पावलं मागे जा, एकच होईल. लांबून ड्रमरची काठी आधी पडलेली दिसते आणि ठोका नंतर येतो, तेही याच अंतरामुळे. बँड बेताल झालाय असं समजू नये.

मेटालिकाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या एम७२ दौऱ्याबद्दल इतकी वेगवेगळी मतं का आली तेही यातून उलगडतं. स्टेज कड्यासारखं गोल, मैदानाच्या मध्यभागी, भोवती स्पीकरचे आठ टॉवर, आणि ड्रमची जागा रात्रीतून चार ठिकाणी बदलते. तिथे समोर आणि मागे अशी एक बाजूच नाही. एका टॉवरच्या पुढ्यात उभं राहिलेल्याचा अनुभव आणि दोन टॉवरच्या मध्ये उभं राहिलेल्याचा अनुभव एकच कसा असेल?

ड्रॉप_सी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. डबल बासबद्दल मी लिहितो, कारण त्यात बँडवर फार अन्याय होतो.

हिशोब करून बघा. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) सोळाव्या भागाच्या नोट (मात्रेत चार) म्हणजे दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद, सेकंदाला तेरा ठोके. बंदिस्त हॉलमध्ये आवाज विरायला, म्हणजे ६० डेसिबल उतरायला, दोन सेकंद लागत असतील तर ७५ मिलिसेकंदांत तो जेमतेम सव्वादोन डेसिबल उतरतो. आधीचा ठोका जवळजवळ पूर्ण शिल्लक असतानाच पुढचा येऊन बसतो. तेच ९० बीपीएमच्या संथ डूम रिफमध्ये आठव्या भागाच्या नोटांना (मात्रेत दोन) ३३३ मिलिसेकंद मिळतात, दोन ठोक्यांत दहा डेसिबलचा उतार येतो आणि कान प्रत्येक घाव वेगळा धरतो. म्हणून डूम आणि स्टोनर अशा संथ प्रकारांचे बँड घुमणाऱ्या हॉलमध्येही भव्य वाटतात, टेक्निकल डेथ मेटल मात्र उघड्या मैदानातच खुलतं. मैदानात वाऱ्याने वरचे सूर हेलकावे खातात, पण वेगवान बँडसाठी तेवढी किंमत परवडते.

यावर इंजिनिअरकडे उपाय एकच: किकचा खर्ज आटोक्यात ठेवायचा, ३०० ते ४०० हर्ट्झचा पुठ्ठ्यासारखा भाग कापायचा आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमधली टिकटिक वर काढायची. पाय मोजता येतात ते या टिकटिकीमुळेच. काही जण तिला टाइपरायटर म्हणून नाकं मुरडतात, पण ती काढली तर २०० बीपीएमला फक्त गडगडाट उरतो. ट्रिगर (ठोका ओळखून त्या जागी तयार आवाज वाजवणारं यंत्र) वापरणं ही फसवणूक नव्हे. ट्रिगर प्रत्येक ठोका सारखा ऐकवतो, वेळ चुकली तर चूकही तितक्याच स्पष्टपणे ऐकवतो.

खाली उतरवलेल्या गिटारमुळे भर पडते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहावी तार ८२ हर्ट्झ, ड्रॉप सीमध्ये (तीच तार सी सुरापर्यंत सैल केलेली) ६५, सात तारांच्या गिटारची बी ६२, आठ तारांची एफ शार्प ४६. आता ४६ ते ८२ हर्ट्झच्या पट्ट्यात किक, बास आणि दोन गिटार एकत्र. गिटार साधारण १०० हर्ट्झखाली कापली नाही तर तुम्ही म्हणता ती घरघर येते. गेनही (गिटारचा आवाज किती फाटका करायचा ती पातळी) अल्बमपेक्षा कमी ठेवावा लागतो. घरात जो गेन मखमली वाटतो तो मोठ्या स्पीकरवर पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेला तुटक आवाज) पुसून टाकतो.

पहिल्या गाण्यांचं कारण सोपं आहे. साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये होतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि शरीरं वरचे-मधले सूर शोषतात, खर्ज फारसा शोषला जात नाही. दुपारी चकचकीत वाजलेलं मिक्स रात्री एकदम गढूळ होतं आणि इंजिनिअरला ते चालू गाण्यातच सावरावं लागतं. फेस्टिव्हलमध्ये तर बऱ्याच बँडना साउंडचेकच मिळत नाही, बदलाच्या अर्ध्या तासात प्रत्येक लाइन चालू आहे एवढं तपासून सुरू करतात. म्हणून चौथ्या गाण्यापर्यंत थांबा. तेव्हा तीन गोष्टी ऐका: किकची टिकटिक मोजता येते का, स्नेअर गिटारच्या वर येतो का, आणि माहीत नसलेल्या गाण्याचे शब्द कळतात का. पाठ असलेल्या गाण्यात मेंदू गाळलेले शब्द स्वतः भरतो, त्यावर विसंबू नये.

खालच्या_मजल्यावरचा

कन्सोलजवळ उभं राहा हे मोठ्या जागांना लागू आहे. दोन-तीनशे माणसांच्या क्लबमध्ये कन्सोल कित्येकदा कोपऱ्यात, भिंतीला लागून किंवा बाल्कनीखाली कोंबलेलं असतं. भिंतीलगत खर्ज फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो. अनुभवी इंजिनिअर हे जाणून मधूनमधून उठून हॉलच्या मध्यावर चक्कर मारतो. तो उठतच नसेल तर त्याच्या शेजारी उभं राहून फायदा नाही. अशा जागी मध्यरेषेच्या किंचित बाजूला, स्टेजपासून खोलीच्या लांबीच्या अर्ध्याच्या आसपास, मागच्या भिंतीपासून निदान तीन-चार मीटर सोडून उभं राहा. छोट्या खोलीत स्नेअर आणि झांजा स्पीकरशिवायच कान फोडतात, त्यामुळे बाकी सगळं त्यांच्या वर न्यावं लागतं. एवढ्याशा जागेत आवाज इतका मोठा का, याचं उत्तर तिथे आहे.

कान_सांभाळा

इअरप्लगने गिटार मरते ही तक्रार अर्धी खरी आहे. फोमचे प्लग वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे झांजा आणि पिकचा घाव मंदावतो. पण त्याहून मोठं कारण म्हणजे प्लग अर्धवट बसलेला असतो. फट राहिली की खर्ज आत शिरतो आणि वरचं तेवढं अडतं, म्हणजे नेमकं नको ते मिक्स मिळतं. फोमचा प्लग बोटांत वळून सुरकुती न पडता बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुलेपर्यंत २० ते ३० सेकंद बोट टेकवून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग साधारण १२ ते २० डेसिबल बऱ्यापैकी सरळ रेषेत कमी करतात, मेटलला तेच घ्यावेत. त्यातही टोकाचा आकार तुमच्या कानाला बसला पाहिजे.

आकडे लक्षात ठेवायचे ते हे. अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. मेटल शोमध्ये त्या पातळीला तीन तास काढणं अजिबात अवघड नाही.

आणि प्लग मधेच काढू नका. २० डेसिबलचा प्लग तीन तासांपैकी फक्त १८ मिनिटं बाहेर असला तरी एकूण संरक्षण जवळपास १० डेसिबलवर येतं, कारण त्या १८ मिनिटांतली ऊर्जा बाकी सगळ्यावर भारी पडते. आवडत्या सोलोला काढावासा वाटतो, आणि तिथेच कान जातो. मित्राशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्या, प्लग तसाच राहू दे. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जा, आठवडा थांबू नका.

रिफवेडा

कन्सोलजवळचा, ड्रॉप_सी, खूप आभार. १८ मिनिटांचा हिशोब तर हादरवणारा आहे. मोबाइलच्या व्हिडिओचं राहिलं. आणि बाल्कनीचं तिकीट असेल तर?

कन्सोलजवळचा

व्हिडिओवरून साउंड ठरवू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलाय. आवाज फार मोठा झाला की तो फाटतो, आणि त्याआधीच फोन स्वतःहून पातळी खाली ओढतो. प्रत्येक किकला गिटार दबून परत वर येते ती स्टेजवर नाही, फोनमध्ये. खर्ज तर छोट्या माइकमधून निम्माशिम्माच येतो. व्हिडिओवरून गाण्यांचा क्रम, वेग आणि ट्यूनिंग मात्र पक्कं कळतं. गायकाचं वय वाढलं की बँड अर्धा सूर खाली येतो, तेव्हा ८२ ची तार ७८ वर सापडते. साधं ट्यूनर ॲप तेवढं सांगतं. घोस्टने २०२५ च्या दौऱ्यात फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावले आणि आयर्न मेडनने त्याच वर्षी फोन खाली ठेवायची विनंती केली. वर उचललेले हात कमी झाले की मागच्यांना दिसतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाल्कनीत पहिल्या दोन रांगा घ्या, तिथे स्पीकरची सरळ रेषा मिळते आणि दोन्ही गिटार वेगळ्या कळतात. बाल्कनीच्या खाली जागा असेल तर छताच्या कडेपासून आत जाऊ नका. वर बघून टांगलेल्या स्पीकरचा सगळ्यात वरचा खोका दिसतो का ते तपासा, तो दिसेनासा झाला की वरचे सूरही गेले असं धरा. आतल्या रांगांसाठी छताला वेगळे छोटे स्पीकर लावलेले असले तर गोष्ट वेगळी.