धारण तलाव: गाळाआधी झडपा बघा

आत वाढलेलं कांदळवन काढून धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून ठेवणारे तलाव) खोल केले की नवी मुंबईत पाणी तुंबणार नाही, हे मत मला अजिबात पटत नाही.

वाशी, बेलापूरचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर हे तलाव बांधले. ओहोटीला आतलं पाणी तलावाच्या तोंडाशी असलेली झडप ढकलून खाडीत जातं. भरती चढली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं आणि तेवढे काही तास पावसाचं पाणी तलावात थांबतं. सगळी मदार त्या झडपेवर. ती गंजून अर्धवट उघडी राहिली, की प्रत्येक भरतीला गाळ आत येतो आणि त्याबरोबर तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडाच्या, बिया, बदामासारख्या चपट्या, पाण्यावर तरंगत. गाळ बसला की त्या तिथेच रुजतात. मग झाडं तोडून झडप तशीच ठेवली, तर पुन्हा तेच होणार ना?

शिवाय 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. त्यात वर्षं जातात. झडप दुरुस्त करायला तोड करावी लागत नाही.

गाळ काढूच नये असं मी म्हणत नाही. मधला प्रवाहमार्ग मोकळा करा, काठची झाडं राहू द्या. पण आधी पालिकेने दर मे महिन्यात प्रत्येक झडपेची तपासणी करून अहवाल प्रभागात लावावा. नगरसेवकांकडे हीच मागणी लेखी द्यायला हवी.