काच खाली जाते, वर येत नाही

बाणस्तारीच्या पुलावर धो धो पाऊस, आणि गाडीची डावी काच उघडीच! त्या दाराच्या बटणाने खाली जाते, वर नाही. ड्रायव्हरच्या बटणाने काहीच नाही. फ्यूज शाबूत. गॅरेजवाला म्हणतो मोटर बदला. बदलू?

— थांबा हो! खाली जाते म्हणजे मोटर जिवंत आहे. वर-खाली एकच मोटर करते, फक्त प्लस-मायनस उलटतं. दार हलवत बटण दाबून बघा.

— म्हापशात वायरिंगच करतो. दार आणि बिजागरीकडचा गाडीचा खांब यांमधली रबरी नळी मागे सरकवून आतल्या वायरी बघा. वायर तिथेच तुटते, वरून साल धड दिसते.

— सापडली! तपकिरी वायर, आत हिरवी भुकटी. पीळ मारून टेप लावली, काच चढली.

— टेप चतुर्थीपर्यंतसुद्धा टिकायची नाही. बॅटरी काढून नवा तुकडा सोल्डर करा, जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब.