मदत हवी: नी जर्क येतच नाही, परवा प्रॅक्टिकल आहे

चिंगळी
गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो तो झटका दोन मैत्रिणींवर करून पाहिला, एकीचाही येत नाही. परवा फिजिऑलॉजीचं प्रॅक्टिकल आहे. प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूचा संबंध नसतो ना, मग का येत नाही? लवकर सांगा. थिअरी नको.

हातोडाबहाद्दर
येत नाही म्हणजे? पाय उडत नाही, की मांडीसुद्धा आकसत नाही? कशावर बसवलं, मारलं कुठे, कशाने?

चिंगळी
खुर्चीवर. गुडघ्यावर मारलं. कशाने मारलं त्याने काय फरक पडतो?

सांजवारा
बी१२ तपासून घ्या दोघींचं. शाकाहारी आहेत का?

हातोडाबहाद्दर
@सांजवारा, मुली धडधाकट आहेत हो.
@चिंगळी, पावलं जमिनीला टेकलेली असणार, म्हणजे पाय उडायला जागाच नाही. टेबलाच्या कडेवर बसव, पावलं लोंबकळती. मांडी उघडी हवी, जीन्सवरून नको. वाटीच्या हाडावर मारायचं नाही. वाटीचं खालचं टोक चाचप. तिथून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत दोरीसारखा कंडरा लागतो, बोटाने दाबलं की दोन्ही बाजूंना मऊ खळगे असतात. त्या खळग्यांच्या मधोमध मार. हातोडी दांड्याच्या टोकाशी सैल धर, मनगटातून झोका दे, वजनाने पडू दे. ठोकू नकोस, दाबून तर मुळीच धरू नकोस. स्नायूतल्या स्पिंडलला (ताण ओळखणारा भाग) ताण *झटक्यात* बसावा लागतो, सावकाश ताणलं तर झटका येत नाही. दुसरा हात मांडीच्या पुढच्या बाजूला ठेव. पाय हलला नाही तरी तिथल्या स्नायूचं, क्वाड्रिसेप्सचं, आकसणं हाताला कळतं, आणि तेही उत्तर धरतात.

कुंपणावरचा
हातोडी कुठली ते विचारा आधी. टेलरची त्रिकोणी असेल तर हलकी असते, झोका पुरत नाही. लांब दांड्याची, गोल डोक्याची क्वीन स्क्वेअरच घ्यावी.

हातोडाबहाद्दर
टेलरनेही छान येतो. झोका नीट हवा. कॉलेजात मिळेल तीच वापरायची असते.

चिंगळी
टेलरचीच आहे. पण मेंदूचं राहिलं!

पानगळ
मेंदूची गरज नाही, पण ढवळाढवळ करतो. मैत्रीण हातोडीकडे बघत पाय आखडून धरत असेल तर झटका दबतो. जेंड्रासिकची युक्ती वापर: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत आकड्यासारखी अडकवून तिला वर बघायला सांग, 'ओढ' म्हण आणि त्याच क्षणी मार. परिणाम काही सेकंदच टिकतो. आधी ओढायला लावून मग जागा शोधत बसलीस तर गेला. हाताचा रिफ्लेक्स काढताना बोटांऐवजी दात आवळायला सांगतात.

पाटीपेन्सिल
दहावीत संवेदी, सहयोगी, प्रेरक अशा तीन चेतापेशी शिकवल्या. इथे पण तीनच ना?

पानगळ
काटा टोचल्यावर पाय मागे घेणं, तिथे मध्ये सहयोगी असतात. नी जर्कमध्ये संवेदी तंतू मेरुरज्जूत सरळ प्रेरक पेशीला भिडतो. दोनच पेशी, त्यांच्यामध्ये एकच सिनॅप्स (जोड).

कुंपणावरचा
अर्धंच सांगितलंत. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू सैल पडायला मध्ये अवरोधक पेशी लागतेच.

पानगळ
त्या फाट्यावर लागते, मान्य. व्हायवात दोन्ही सांगायचं: क्वाड्रिसेप्सला दोन पेशी, हॅमस्ट्रिंगच्या वाटेवर तिसरी. आणि मेरुरज्जूतली पातळी एल२ ते एल४ (कमरेचे भाग), नर्व्ह फीमोरल.

जुनीपोथी
गंमत म्हणजे एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हा झटका १८७५ साली एकाच नियतकालिकात मांडला. वेस्टफालला तो रिफ्लेक्स वाटतच नव्हता!

चिंगळी
परवाला याचे मार्क नाहीत हो. टेबलावर बसवून केलं, उजवा आला!! डावा मात्र जेमतेम.

सांजवारा
बघा, म्हणून म्हणत होतो बी१२.

हातोडाबहाद्दर
बी१२ ने एकाच बाजूचा जात नाही सहसा, घोट्याचे दोन्ही रिफ्लेक्स आधी मंदावतात. चिंगळी, उजव्या बाजूला उभी राहून दोन्ही काढतेस का?

चिंगळी
हो. का?

हातोडाबहाद्दर
डाव्यावर हातोडी तिरकी पडते. समोर बस, दोन्हीकडे सारखाच झोका दे आणि लगेच एकामागोमाग तुलना कर. तरीही सतत फरक आला तर जेंड्रासिकसकट पुन्हा बघ. नोंद ० ते ४+ अशी: काहीच नाही तर ०, नेहमीचा २+, जेंड्रासिकनेच आला तर बहुतेक ठिकाणी १+ धरतात. तुमच्या मॅडम काय धरतात ते मात्र विचारून ठेव.

चिंगळी
तिरकीच पडत होती. आता सारखे आले. घोट्याचा कसा काढू? तोही येत नाही.

पानगळ
झोपवून काढतेस की बसवून?