मदत हवी आहे: सुभद्रा एक, गाणाऱ्या नट्या दोन

मंडळी, पूर्व विदर्भातल्या वडशाकडच्या एका झाडीपट्टी (तिथल्या लोकप्रिय रंगभूमीच्या) नाटक मंडळात मी ऑर्गन वाजवतो, तालमीही घेतो. यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रांच्या, खेळांत 'संगीत सौभद्र' घेतलं आहे. त्यातल्या नायिकेसाठी, सुभद्रेसाठी, दोन ताई अडून बसल्यात. दोघींचा गळा खरंच सुरेल, म्हणूनच जीव तुटतो. एकीची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी पाच, दुसरीची काळी दोन.

रुक्मिणीची भूमिका देऊन पाहिली. पदं कमी म्हणून दोघींचाही नकार. एकाच रात्री अंक वाटून तालीम केली, पण प्रेक्षकांना सुभद्रा मधेच बदललेली कशी चालेल? एकाआड एक प्रयोगाला त्या तयार होत्या. पण गावकरी पोस्टरवरचं नाव बघून प्रयोगाची तारीख घेतात, आणि धाकट्या ताईंचं नाव अजून तेवढं झालेलं नाही. बाहेरून तिसरी आणायला पैसे नाहीत. दोघी आमच्या इतर नाटकांतही आहेत, एक गेली तरी हंगाम बुडेल. नाईट (एका प्रयोगाचं मानधन) दोघींची सारखीच, तो वाद नाही.

भाऊबीजेनंतर खेळ सुरू होतात. ज्यांनी एकच गाती भूमिका दोघींत वाटली आहे त्यांनी सांगावं: तारीख देतानाच गावाशी काय ठरवायचं, आणि पोस्टरवर नावं कशी टाकायची?