दुसऱ्याच्या सेक्शनचा जवान चुकला तर? आपले अनुभव सांगा

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावात, पारावर परवा जुनाच वाद रंगला. दुसऱ्याच्या सेक्शनचा, म्हणजे दहा जणांच्या तुकडीचा, जवान चुकताना दिसला, तर तिथल्या तिथे झापायचं की त्याच्या सेक्शन कमांडरला सांगायचं? निकाल लागला नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. युनिटची, माणसांची नावं नकोत. सुरुवात मीच करतो.

नायकाची फीत लागून महिना झाला होता, अंगात वारं शिरलेलं. सकाळी रांगेत हजर व्हायच्या फॉलिनला शेजारच्या प्लाटूनचा (काही सेक्शन मिळून प्लाटून) एक पोरगा दाढी न करता उभा. मी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर पिट्टू (सामानाची जड पिशवी) चढवून ग्राउंडच्या चकरा मारायला लावल्या. तो "उस्ताद, माझं ऐका" म्हणत होता, मी ऐकलं नाही. त्याला चेहऱ्यावर पुरळ होतं, एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, 'एक्सक्यूज शेव्हिंग' (दाढी न करायची सूट) मिळालेलं, आणि ती चिठ्ठी त्याच्या सेक्शनच्या नायकाच्या खिशात! संध्याकाळी सीएचएमनी (कंपनी हवालदार मेजर) बोलावलं. आवाज चढवला नाही. "त्या पोराला नाही, त्याच्या नायकाला पळवलंस तू," एवढंच म्हणाले. शिवाय सजा देणं माझ्या हातात नव्हतंच. आर्मी ॲक्टच्या कलम ८० खाली ते कमांडिंग ऑफिसरचं काम.

– निवृत्त सुभेदार, सातारा

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला होतो. सेक्शन माझं, दहा माणसं. पण प्लाटून हवालदार, सीएचएम, कधी सुभेदार साहेब, जो येईल तो माझ्या पोरांना थेट सांगून जायचा. एकानं सांगितलं आधी कोत (हत्यारांची खोली) साफ करा, दुसऱ्यानं सांगितलं लंगरची (स्वयंपाकघराची) लाकडं आणा. काम अर्धं राहिलं की शिव्या मला. महिनाभरात पोरं छुट्टीचं विचारायलासुद्धा माझ्याकडे येईनात, सरळ वर जायची. त्यांचं तरी काय चुकलं?

– निवृत्त हवालदार, गडहिंग्लज

सगळं खरं, पण फायरिंग रेंजवर नाही. माझ्या शेजारच्या फायरिंग पॉइंटवर एकाची इन्सास अडकली आणि तो भरलेली रायफल घेऊन मागे वळला. तो हवालदार, मी त्याच्याहून खालचा लान्स नायक, तेही दुसऱ्या कंपनीचा. "रोक!" म्हणून ओरडलो आणि नळी खाली दाबली. तिथं कसली रँक बघता? मात्र त्यानंतर मी त्याला एक शब्द बोललो नाही. त्याच्या सुभेदार साहेबांना जाऊन सांगितलं आणि माझ्या जागेवर आलो.

– सांगली

मी नौदलातला. आमच्याकडेही तेच, माणूस ज्याच्या डिव्हिजनचा (जहाजावरच्या तुकडीचा) त्याच्या कानावर घालायचं. फक्त जहाजावर कुणाला बाजूला घ्यावं म्हटलं तर बाजूच नसते!

– मुंबई

नवा लेफ्टनंट होतो. एका जवानाचा मोर्चा, म्हणजे लढायचा खंदक, चुकीच्या तोंडाने खणलेला दिसला, त्याला तिथेच सुनावलं. त्याचा हवालदार, सतरा वर्षं नोकरीचा, दोन हातांच्या अंतरावर उभा. चहाच्या वेळी माझ्या प्लाटूनचे सुभेदार साहेब एकटे आले. "साहेब, मोर्चा चुकलाच होता. पण आता तो पोरगा पुढचा मोर्चा कुणाला विचारून खणेल?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मी हवालदारालाच विचारायचो, "हा मोर्चा बघितलात का?" तो जाऊन जे बोलायचा, ते मला जमलंच नसतं.

– पुणे

पण हुकमाच्या साखळीतला वरचा माणूसच चुकत असेल तर? माझा सेक्शन कमांडर हात उचलायचा. कनिष्ठाला मारहाण हा आर्मी ॲक्टच्या कलम ४७ चा गुन्हा, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. प्लाटूनच्या सुभेदारांना सांगितलं, त्यांनी "बघतो" म्हटलं. दोन आठवडे काही नाही. मग त्यांनाच सांगून कंपनी कमांडर साहेबांसमोर गेलो, कलम २६ खाली तशी सोय आहे. पुढच्या सोमवारी माझं सेक्शन बदललं. त्याचं काय झालं मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

– माजी सैनिक, बीड