शौचाच्या किटला ठाण्याचा मे महिना झेपतो का?

पाचपाखाडीचा_पंत
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी घरी करायची फिट चाचणी सासऱ्यांसाठी मागवली. वय 66, तक्रार काहीच नाही. शुक्रवारी नमुना घेतला, कुरिअरवाला उगवला सोमवारी. तोवर बाटली बाल्कनीतल्या कपाटात, कारण सासूबाईंनी ती फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही (मीही दिली नसती). रिपोर्ट निगेटिव्ह. पण चाचणी शोधते शौचातलं हिमोग्लोबिन (म्हणजे रक्ताचा अंश), आणि ते उष्म्याने मोडतं. इटलीतसुद्धा उन्हाळ्यात पॉझिटिव्ह कमी निघतात असं दिसलंय, मग इथे? बाटलीवर ऊन लागलं की रंग बदलणारी एखादी पट्टी लावा ना. शिवाय सूचनांमधलं चित्र कमोडचं. आमच्याकडे भारतीय संडास, सासऱ्यांनी वर्तमानपत्र अंथरून कसंबसं जमवलं. आधी किट सुधारा, मग जाहिरात करा.

नेरुळ_स्लो_लोकल
पट्टीने काय होणार? पॉझिटिव्ह आलं तर पुढे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) लागतेच, ती न करता किट म्हणजे नुसती धाकधूक. इंग्लंडने 2019 मध्ये घरोघर फिट पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पॉझिटिव्हची रेषा मुद्दाम उंच, शौचाच्या ग्रॅममागे 120 मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिनवर ठेवली. खाली आणली असती तर दुर्बिणीच्या रांगा आवरल्या नसत्या. तिथे ही गत! आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाहीच. आधी दुर्बिणी वाढवा.

पाचपाखाडीचा_पंत
दुर्बिणी वाढेपर्यंत खोटा निगेटिव्ह घेऊन खूश राहायचं का? पॉझिटिव्हवाल्याला किमान कळतं तरी.

कोपरखैरणेची_वहिनी
मी लॅबमध्येच काम करते, म्हणून बोलते. आमच्याकडे पॉझिटिव्ह आलं की निम्मे लोक म्हणतात, "मूळव्याध आहे हो, त्याचंच असेल." असेलही. पण तेवढ्यावर विषय मिटवायचा नसतो. आणि "सुधारलेलं" किट म्हणजे काय तेही बघा. 2014 मध्ये अमेरिकेत डीएनए बघणारी शौचचाचणी आली. तिच्या अभ्यासात शंभरातले 92 कॅन्सर तिने पकडले, फिटने 74. पण धडधाकट शंभरांतल्या साधारण 13 जणांना तिने उगाच घाबरवलं, फिटने 5 जणांना. त्या 13 जणांची कोलोनोस्कोपी कोण करणार? नेरुळवाले, इथवर तुमचंच खरं. पण उन्हाचा मुद्दा पंतांचा आहे आणि तो स्वस्तात सुटणारा आहे. तो आधी सोडवायला काय हरकत?

नेरुळ_स्लो_लोकल
हरकत नाही. फक्त पट्टी लावून कंपनीने किंमत दुप्पट करू नये.

घोडबंदर_गिरकी
हे सगळं तक्रार नसलेल्यांसाठी, हे विसरू नका. रक्त दिसतंय, वजन उतरतंय, शौचाची सवय बदललीय, तर किटच्या भानगडीत पडू नका, सरळ डॉक्टर गाठा. माझ्या भावाने दोन महिने किटवर घालवले.

पाचपाखाडीचा_पंत
हे मान्य. वहिनी, सासऱ्यांची परत करू का?

कोपरखैरणेची_वहिनी
करा. तशीही ती एकदा करून सोडायची चाचणी नाही, दरवर्षी करतात. आणि सोमवारी सकाळी नमुना घेऊन स्वतः लॅबमध्ये नेऊन द्या. कुरिअरही नको, फ्रिजवरून भांडणही नको.